कोयत्यापुढील वाट : ऊसतोडणी कामगारांचे नवे शिक्षण व स्थलांतर

दसरा उलटला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावे रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, पाथर्डी, जामखेड या तालुक्यांतील हजारो कुटुंबे घराला कुलूप घालून, भांडीकुंडी, लेकरे व जनावरे बरोबर घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी सातारा, पुणे, सोलापूरकडे, तर कोणी कर्नाटकाच्या सीमेपलीकडे जातो. पुढील चार ते पाच महिने उसाचा फड हेच त्यांचे शेत आणि पाचटाची कोपी हेच त्यांचे घर असते. पर्जन्यछायेतील कोरडवाहू शेतीवर वर्षभर पोट भरत नाही म्हणून हा प्रघात पडला, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर तो अधिकच दृढ झाला.

आता या व्यवसायात मोठे परिवर्तन होऊ घातले आहे. उसाच्या फडात तोडणीयंत्र उतरले आहे. ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कोयत्यावर संसार चालविला, त्यांनी पुढे काय करावे, कोणते नवे काम शिकावे, कोठे जावे आणि या कामी गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्यांना कोणते साहाय्य करावे, याचा विचार या पाठात केला आहे.

यंत्र का येत आहे?

सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ प्रवरानगर येथे १९५० साली झाला. तेव्हापासून ऊस वाढला, कारखाने वाढले, गाळपाची क्षमता वाढली. परंतु तोडणीचे काम मात्र हाताच्या कोयत्यावरच राहिले. मधल्या काळात मजुरांच्या मुलांनी शाळेची पायरी चढली व त्यांतील पुष्कळांनी शहराची वाट धरली. टोळ्या पुरेशा मिळेनात. उचल घेऊन टोळी न आल्याने वाहतूकदार बुडाल्याची उदाहरणे प्रत्येक हंगामात घडू लागली. तोडणी लांबली की उसाचे वजन व उतारा घटतो आणि त्याचा फटका बागायतदारास बसतो. या सर्व कारणांनी यंत्राची मागणी वाढली. शासनाने २०२३ साली राष्ट्रीय कृषी विकास योजनेखाली ९०० तोडणीयंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के अथवा ३५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तितके अनुदान देण्याचे ठरविले. यावरून वाऱ्याची दिशा स्पष्ट होते.

हे यंत्र ऊस बुडापासून कापते, त्याच्या कांड्या करते, पंख्याने पाला उडविते आणि कांड्या शेजारी चालणाऱ्या ट्रॉलीत टाकते. अशा कांड्या लवकर आंबतात, म्हणून त्या शक्यतो २४ तासांच्या आत गाळाव्या लागतात. यास्तव यंत्र, ट्रॅक्टर व कारखाना यांची साखळी कोठेही तुटून चालत नाही. चालकाचे कौशल्य, वेळीच केलेली दुरुस्ती व वाहतुकीचा मेळ यांना येथे मोल येते.

परंतु यंत्रालाही मर्यादा आहेत. दोन सऱ्यांत चार ते पाच फूट अंतर नसेल तर ते नीट चालत नाही. लहान तुकडे, आडवा पडलेला ऊस, ओली काळी जमीन, फडापर्यंत नसलेला रस्ता या ठिकाणी त्याचा उपयोग थोडा. म्हणून कोयता एका हंगामात नाहीसा होईल असे मानणे चुकीचे आहे. तथापि तो कायम राहील असे मानणे त्याहून अधिक चुकीचे आहे. या दोहोंमध्ये जी काही वर्षे हाती आहेत, तीच शिकण्याची वर्षे होत.

एका कोयत्याचा हिशेब

ऊसतोडणीच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. साधारणतः अशी जोडी दिवसाकाठी दोन टन ऊस तोडते, त्याच्या मोळ्या बांधते व वाहनात भरते. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. या दराने पुढील हिशेब मांडून पाहावा.

दोन टनांची मजुरी ७३२ रुपये. म्हणजे पहाटेपासून राबणाऱ्या प्रत्येकी एका माणसाची ३६६ रुपये. हंगामात १२० दिवस काम मिळाले असे धरल्यास २४० टन ऊस तुटतो व मजुरी ८७,८४० रुपये होते. समजा, या जोडीने मुकादमाकडून हंगामापूर्वी एक लाख रुपये उचल घेतली. तर हंगाम संपताना हाती काही न येता १२,१६० रुपये उलट अंगावर राहतात. वाढे विकून जे सुटे पैसे मिळतात, ते मीठ-मिरचीत व औषधपाण्यात जातात. आजारपणाने २० दिवस बुडाले, तर आणखी १४,६४० रुपयांची तूट येते. पुढच्या दसऱ्यास हेच देणे फेडण्यासाठी पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत जावे लागते.

या हिशेबातून एक गोष्ट प्रकर्षाने दिसून येते. कामगार दुसऱ्या कामाकडे वळत नाही, याचे कारण आळस किंवा अज्ञान हे नव्हे. उचलीने त्याचे पाय बांधलेले असतात. म्हणून नव्या शिक्षणाचा विचार उचलीच्या विचारापासून वेगळा काढता येत नाही.

आता यंत्राचा हिशेब पाहावा. यंत्राने दिवसाला १०० टन ऊस तोडला, तर ते काम ५० कोयत्यांचे, म्हणजे १०० माणसांचे झाले. यंत्राबरोबर दोन पाळ्यांचे चालक, मदतनीस व ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरांचे चालक मिळून आठ-दहा माणसे लागतात. सबब, ‘सर्व तोडणी कामगारांना यंत्रचालक करू’ असे आश्वासन कोणीही देऊ नये. ते खरे ठरणार नाही. शंभरांतील दहांना यंत्राभोवती काम मिळेल. उरलेल्या नव्वदांसाठी अन्य वाटा शोधाव्या लागतील.

गिरणगावाने दिलेला धडा

व्यवसाय बदलण्याची पाळी महाराष्ट्रातील कामगारांवर प्रथमच येत आहे असे नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत कोकणातून व सातारा भागातून आलेली माणसे दोन-तीन पिढ्या राबली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्या नाहीत. साच्यावर निष्णात असलेल्या कामगाराला गिरणीबाहेर त्या कौशल्याचे मोल मिळेना. कोणी भाजी विकू लागला, कोणी पहारेकरी झाला, कोणी गावी परतला.

पुढे १९९२ साली केंद्र सरकारने उद्योगांतून कमी झालेल्या कामगारांसाठी राष्ट्रीय नवीकरण निधी उभारला. कामगारांना नवे शिक्षण द्यावे हा त्याचा एक उद्देश होता. प्रत्यक्षात निधीचा मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यात खर्ची पडला आणि शिक्षणाच्या वाट्यास थोडाच आला. एकरकमी पैसा लग्नकार्यात व घरखर्चात संपतो, हाती आलेली विद्या मात्र संपत नाही, हा यातील बोध होय. दुसरा बोध असा की, काम सुटल्यावर शिक्षण सुरू केल्यास फार उशीर झालेला असतो. चूल पेटती असतानाच दुसऱ्या चुलीची सोय पाहिली पाहिजे.

स्थलांतराचे दोन प्रकार

स्थलांतर ही गोष्ट मुळात वाईट नव्हे. ज्याला कामाची माहिती आहे, मजुरीचा दर ठाऊक आहे, राहण्याची सोय ठरलेली आहे आणि काम न आवडल्यास परत येण्याचे स्वातंत्र्य आहे, त्याचे जाणे हे ओढीचे जाणे होय. त्याने कुटुंबाची उन्नती होते. उलट कर्जापायी, मुलांची शाळा सोडवून, दर न ठरविता, दुसऱ्याच्या शब्दावर निघणे हे ओढगस्तीचे जाणे होय. कार्यकर्त्याने लोकांना गावातच अडवून ठेवावे असा याचा अर्थ नाही. ओढगस्तीचे जाणे कमी होऊन ओढीचे जाणे वाढावे, हे त्याचे ध्येय असावे.

गावाजवळच काम उपलब्ध करून देण्याचा प्रयोगही याच राज्यात झाला. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६९ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा आरंभ झाला व १९७७ साली त्याचा कायदा करण्यात आला. या कामांतून झालेल्या पाझर तलावांनी व बांधबंदिस्तीने अनेक गावांत पाणी थांबले. जेथे पाणी थांबले, तेथे माणूसही थांबू शकला. म्हणून जलसंधारणाचे काम व कौशल्याचे शिक्षण ही दोन्ही जोडीने चालली पाहिजेत.

कोणते काम कोणाला?

शिकविण्यापूर्वी माणसास आधीपासून काय येते ते पाहावे. तोडणी कामगारास ऊस कळतो, जनावर कळते, वाहन भरण्याचा तोल कळतो आणि टोळीने काम करण्याची शिस्त त्याच्या अंगी असते. ही त्याची पूर्वतयारी होय.

१) तरुण मुलगे व मुली : ज्यांना ट्रॅक्टर चालविता येतो व लिहिता-वाचता येते, त्यांनी तोडणीयंत्राचे चालक, मदतनीस अथवा दुरुस्ती कारागीर होण्याचा प्रयत्न करावा. यंत्र विकणाऱ्या कंपन्यांकडे व तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चौकशी करावी. डिझेल इंजिन, जोडकाम, वीजपंपाच्या मोटारीचे वाइंडिंग, ठिबक संचाची जोडणी ही कामे बागायती भागात बारमाही चालतात. तोडणीचा हंगाम संपल्यावरही या कारागिराचे काम थांबत नाही, हा यातील मोठा लाभ होय.

२) मध्यम वयाच्या स्त्रिया : उसाचा डोळा ओळखण्यात या स्त्रियांचा हात धरणारा कोणी नाही. एक डोळा पद्धतीची ऊसरोपवाटिका हा त्यांच्या गटास साजेसा व्यवसाय आहे. कांडीवरील निरोगी डोळे काढून, त्यांवर बीजप्रक्रिया करून, ट्रेमध्ये कोकोपीट भरून लावावेत. शेडनेटखाली साधारणतः महिन्याभरात रोप लागवडीस येते. पाच फूट सरीत दोन फुटांवर रोप लावल्यास एकरी सुमारे ४,३५६ रोपे लागतात. यंत्रतोडणीसाठी रुंद सरी घेणारा बागायतदार या रोपांचा ग्राहक ठरू शकतो. अर्थात, रोपांची आगाऊ मागणी घेतल्याखेरीज ट्रे भरू नयेत.

३) थोडी जमीन व खात्रीचे पाणी असलेली कुटुंबे : यांनी तुतीच्या लागवडीचा विचार करावा. एक एकर तुतीवर वर्षातून अनेक वेळा रेशीमकिड्यांची पैदास करता येते. अळीची अवस्था साधारणतः चार आठवड्यांत पुरी होते. बीड व जालना जिल्ह्यांत हा व्यवसाय रुजला असून जालना येथे २०१८ पासून कोषांची बाजारपेठ आहे. तुतीच्या शेजारी कीटकनाशकाची फवारणी होत असेल, तर मात्र हा धंदा धरू नये. विषारी पाल्याने सबंध पीक एका दिवसात जाते.

४) भूमिहीन व वयस्क माणसे : यांना उस्मानाबादी शेळीचे पालन मानवते. ही जात मराठवाड्याच्याच हवेतील असून काटक आहे व तिच्यात जुळ्यांचे प्रमाण चांगले आहे. चार-पाच शेळ्यांपासून आरंभ करावा व पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी. लस न टोचता कर्जाने वीस शेळ्या घेणे म्हणजे एक उचल सोडून दुसरी घेणे होय.

५) जे कोयता सोडू शकत नाहीत : त्यांच्यासाठीही काम आहे. यंत्र गेल्यानंतर खोडव्याचे बुडखे छाटणे, पाचटाची कुट्टी करणे, तुटाळी भरणे ही कामे माणसाकडेच राहतात. ती ठरावीक दराने घेणारी गटाची टोळी बांधल्यास मुकादमावाचून काम मिळू शकते.

शिक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचा उपयोग करून घ्यावा. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ साली सुरू झालेल्या संस्थेच्या धर्तीवर या संस्था उभ्या राहिल्या असून त्या बँकांमार्फत चालतात. तेथे शिक्षण, भोजन व निवास विनामूल्य असतो. शिक्षणानंतर कर्जासाठी बँकेशी गाठ घालून देणे, हेही त्या संस्थेचेच काम आहे. शेती व पशुपालनविषयक शिक्षण कृषी विज्ञान केंद्रात मिळते.

कार्यकर्त्याने करावयाचे काम

गावात सभा घेऊन योजनांची यादी वाचून दाखविल्याने हे कार्य होत नाही. घरोघर जाऊन बोलावे लागते. पुष्कळदा बोलणे असे सुरू होते :

“भाऊसाहेब, पोराला ट्रॅक्टर चालवता येतो, पण औंदाची उचल घेतलीय. ती फिटल्याबिगर त्याला शिकायला कसं पाठवावं?”

“आबा, उचल तुमच्या दोघांच्या कोयत्यावर ठेवा. पोराच्या नावावर पुढची उचल घेऊ नका. तो शिकून आला की तुमचीही उचल दरसाल कमी करू.”

या दोन वाक्यांत सर्व युक्ती साठविलेली आहे. सबंध कुटुंबाने एकदम कोयता टाकणे शक्य नसते. एका घरातील एक माणूस प्रथम मोकळा करावा. त्याची नवी मिळकत सुरू झाली की उरलेल्यांची उचल क्रमाक्रमाने घटवावी आणि दोन-तीन हंगामांत तिची जागा बचत गटाच्या अल्प व्याजाच्या कर्जाने घ्यावी.

वर्षाचे काम पुढीलप्रमाणे वाटून घ्यावे.

वैशाख-ज्येष्ठ : टोळ्या परत आल्यावर कुटुंबवार नोंद करावी. वय, शिक्षण, अवगत काम, जमीन, पाणी, जनावरे व अंगावरील उचल ही माहिती घ्यावी. मुकादमाशी झालेला हिशेब कुटुंबाच्या वहीत लिहून ठेवण्यास सांगावे.

आषाढ ते भाद्रपद : हा शिक्षणाचा काळ. शिक्षणार्थी निवडताना हौसेपेक्षा निकड व चिकाटी यांकडे लक्ष द्यावे. शिक्षणाच्या दिवसांत घर कसे चालेल, हे ठरल्याशिवाय कोणाचेही नाव पाठवू नये. अन्यथा तो आठव्या दिवशी परत येतो.

दसऱ्यापूर्वी : जे फडावर जाणारच आहेत त्यांची कागदपत्रे तपासावी. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचे ओळखपत्र काढून घ्यावे. शिधापत्रिकेवर आधारची जोडणी असल्यास कारखान्याच्या गावीही अंगठा देऊन धान्य मिळते. २०१९ साली या सोयीचा प्रयोग प्रथम ज्या राज्यांत झाला, त्यांत महाराष्ट्र होता. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांची यादी फडाकडील आरोग्य केंद्रास कळविण्याची व्यवस्था करावी.

मुलांविषयी विशेष दक्षता घ्यावी. मुले आई-बापांबरोबर गेली की वर्ष वाया जाते आणि तेथेच पुढील पिढीचा कोयता तयार होतो. २०२१ साली शासनाने तोडणी कामगारांच्या मुला-मुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना मंजूर केली. आपल्या तालुक्यात ती अथवा हंगामी वसतिगृह कोठे चालू आहे, तेथे जागा किती आहेत, हे स्वतः जाऊन पाहावे. मुलीला वसतिगृहात ठेवण्यास आई कचरते, ती सकारण कचरते. आईला ती जागा प्रत्यक्ष दाखविल्याने जे होते, ते दहा व्याख्यानांनी होत नाही.

मार्गशीर्ष-पौष : शिकून बाहेरगावी कामास लागलेल्या तरुणांची विचारपूस करावी. पहिले तीन महिने कसोटीचे असतात. खोलीचे भाडे, पगारास होणारा विलंब, परमुलखातील एकटेपणा यांमुळे पुष्कळ जण परत फिरतात. एकाच गावचे दोघे-तिघे एकत्र पाठविल्यास ते टिकून राहतात.

बागायतदाराचे कर्तव्य

यंत्रामुळे बागायतदाराची अडचण दूर होईल. परंतु ज्यांच्या श्रमावर ऊस आजवर कारखान्यात पोहोचला, त्यांचे ऋण त्याने विसरू नये. यंत्र घेणाऱ्या शेतकऱ्याने व संस्थेने आपले चालक व मदतनीस पूर्वीच्या टोळीतून निवडावेत. सलग क्षेत्रात रुंद सरी घ्यावी आणि उरलेल्या तुकड्यांची तोडणी लिखित दराने गटास द्यावी. गावाकडे परतलेल्या कारागिरास रोपांचे, ठिबकचे, दुरुस्तीचे काम द्यावे. यात उपकार नसून उभयतांचे हित आहे.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

• यंत्र येण्याआधी शिकावे. काम सुटल्यावर नव्हे.
• यंत्रावर थोड्यांनाच काम मिळेल. इतरांसाठी निरनिराळ्या वाटा शोधाव्यात.
• एका घरातील एकास प्रथम मोकळे करावे व उचल दरसाल घटवावी.
• बाजारपेठ पाहून मगच व्यवसाय निवडावा.
• जाणाऱ्याने दर, जागा, कागदपत्रे व परतीची वाट ठरवूनच जावे.
• मुलांची शाळा कोणत्याही कारणास्तव सुटू देऊ नये.

गावातील चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या गावातून किती कोयते जातात? त्यांच्यावरील उचल एकंदर किती आहे?
२) गेल्या हंगामात आपल्या टोळीच्या कारखान्याकडे किती यंत्रे चालली? त्यांवर कोठील माणसे होती?
३) आपल्या गावातील कोणत्या तीन तरुणांना येत्या पावसाळ्यात शिक्षणास पाठविता येईल? त्या काळात त्यांच्या घरखर्चाची तजवीज कशी करावी?
४) यंदा किती मुले फडावर गेली? त्यांतील किती जणांना पुढच्या वर्षी गावातच ठेवता येईल?

या प्रश्नांची उत्तरे गावानेच शोधून वहीत लिहून ठेवावीत आणि पुढील दसऱ्यास तीच वही उघडून पाहावी. दोन-चार घरांपुढील बैलगाडी जरी त्या वर्षी जुंपली गेली नाही आणि त्या घरांतील चूल तरीही पेटती राहिली, तरी कार्याचा आरंभ चांगला झाला असे समजावे.